कॅन्सरचा इलाज समजून घेताना मोबाईल कुठे कामी येतो, कुठे घात करतो

घरात कुणाला कॅन्सर निघाला की पहिल्या दोन दिवसांतच दोन गोष्टी सुरू होतात. घरातली शिकलेली मुलं मोबाईलवर आजाराचं नाव टाकून शोधायला बसतात, आणि खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुस्खे यायला लागतात. कुणी कडुनिंब सांगतं, कुणी कलौंजी, कुणी लांबच्या गावातल्या वैद्याचा नंबर पाठवतं. सगळ्यांची नियत चांगलीच असते. पण ज्याला आजार झालाय त्याला नक्की काय झालंय, इलाजाचे रस्ते किती आहेत आणि त्यातला आपला कोणता, हे मात्र कुणी नीट समजावून सांगत नाही.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ही अडचण जास्तच जाणवते. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. पण कॅन्सरच्या पूर्ण इलाजासाठी परळचं टाटा मेमोरियल, त्याचंच खारघरचं केंद्र, नाहीतर ठाणे, कल्याण किंवा नाशिक गाठावं लागतं. शहापूरकर आसनगावहून लोकल पकडतात. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे टोकावडे-धसईच्या माणसाला आधी रस्त्याने कल्याणला यावं लागतं. एका खेपेत अख्खा दिवस जातो, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. डॉक्टरांसमोर मात्र काही मिनिटंच मिळतात. तेवढ्या वेळात घाबरलेल्या माणसाने काय विचारायचं आणि काय लक्षात ठेवायचं?

मोबाईलचा खरा उपयोग इथे आहे. मोबाईल इलाज करत नाही. तो आपल्याला डॉक्टरांसमोर तयारीने बसायला मदत करतो. परीक्षेला जाताना अभ्यास करून जाणारा आणि तसाच जाणारा, यांच्यात जो फरक असतो, तोच फरक इथेही असतो. फक्त अभ्यास कोणत्या पुस्तकातून करायचा हे माहीत हवं.

रिपोर्टची भाषा आधी समजून घ्या

बहुतेक रिपोर्ट इंग्रजीत असतात. आठवी-नववीतल्या मुलाला रिपोर्ट वाचायला सांगतात, किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करतात. गूगल लेन्ससारखी सोय मराठीतही चालते आणि उर्दूतही. ज्या अम्मी-खालांना उर्दूच वाचता येते, त्यांच्यासाठी हे फार कामाचं आहे. पण भाषांतर शब्दाला शब्द ठेवतं आणि तिथेच गोंधळ होतो.

सगळ्यात जास्त घोटाळा 'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' या शब्दांत होतो. आपल्या मनात पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं. वैद्यकीय रिपोर्टात पॉझिटिव्ह म्हणजे 'जे शोधत होतो ते सापडलं', निगेटिव्ह म्हणजे 'सापडलं नाही'. ऑपरेशननंतर 'मार्जिन निगेटिव्ह' लिहिलं असेल, तर काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत. म्हणजे ही चांगली खबर. उलट स्तनाच्या कॅन्सरमध्ये 'ईआर पॉझिटिव्ह' लिहिलं असेल, तर तो आजार हार्मोनवर वाढणारा आहे आणि त्यासाठी गोळ्यांचा इलाज उपलब्ध आहे. एकच शब्द, पण जागा बदलली की अर्थ बदलतो.

आणखी काही शब्द पाहू. 'बिनाईन' म्हणजे गाठ आहे पण कॅन्सरची नाही. 'मॅलिग्नंट' आणि 'कार्सिनोमा' म्हणजे कॅन्सर. 'ग्रेड' आणि 'स्टेज' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेशी किती आक्रमक दिसतात ते ग्रेड सांगतो, आणि आजार शरीरात कुठवर पोहोचलाय ते स्टेज सांगते. रिपोर्टवर 'ग्रेड तीन' वाचून 'तिसरी स्टेज आहे' असं समजून घरात रडारड होते, ती याच गैरसमजामुळे.

बायोप्सीबद्दलचा जुना गैरसमजही इथेच दूर करू. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' म्हणून लोक महिनोन् महिने तपासणी टाळतात. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे का आणि कोणत्या जातीचा आहे, हे कळत नाही. ते कळल्याशिवाय इलाज ठरत नाही. सुईमुळे आजार पसरेल या भीतीने घालवलेले महिने मात्र नक्कीच आजाराच्या कामी येतात.

इलाजाचे रस्ते म्हणजे काय?

मुख्य रस्ते तीन: ऑपरेशन, रेडिएशन म्हणजे किरणोपचार, आणि औषधं. औषधांत केमो येते, हार्मोनच्या गोळ्या येतात, ठरावीक पेशींनाच लक्ष्य करणारी टार्गेटेड औषधं येतात आणि प्रतिकारशक्तीला कामाला लावणारी इम्युनोथेरपी येते. बहुतेक रुग्णांना एकापेक्षा जास्त रस्त्यांनी जावं लागतं. याशिवाय वेदना, उलटी, धाप कमी करणारी पॅलिएटिव्ह केअर असते. ती म्हणजे 'डॉक्टरांनी हात टेकले' असं नाही. मुख्य इलाज चालू असतानाही ती घेता येते.

दोन उदाहरणं घेऊ, कारण हेच दोन आजार आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नवे रुग्ण निघतात. पुरुषांत तोंडाचा कॅन्सर आणि स्त्रियांत स्तनाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे.

समजा, गुटखा किंवा तंबाखू खाणाऱ्या एखाद्या चाचांच्या गालात जखम आहे आणि कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात आहे. डॉक्टर म्हणतात, गालाबरोबर मानेच्या गाठीही काढू. घरचे विचारतात, आजार गालात आहे तर मान का कापायची? याचं उत्तर परळच्या टाटा मेमोरियलमध्येच शोधलं गेलं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटात मानेच्या गाठी लगेच काढल्या, दुसऱ्या गटात आजार मानेत दिसला तरच काढल्या. ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ३ वर्षांनी पहिल्या गटातले १०० पैकी ८० जण हयात होते, दुसऱ्या गटातले सुमारे ६७. म्हणजे मानेचं ऑपरेशन पैशासाठी केलेलं जास्तीचं काम नाही. त्याने जीव वाचतो. हे आधी समजलं तर माणूस ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पळून जात नाही.

दुसरं उदाहरण स्तनाच्या कॅन्सरचं. सुरुवातीच्या टप्प्यात अनेक स्त्रियांसमोर दोन रस्ते असतात: पूर्ण स्तन काढणं, किंवा फक्त गाठ काढून स्तन वाचवणं आणि नंतर रेडिएशन घेणं. अमेरिका आणि इटलीतल्या अभ्यासांत रुग्णांचा २० वर्षं पाठपुरावा केला गेला, २००२ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. दोन्ही रस्त्यांत जगण्याची शक्यता सारखीच निघाली. मग निवड कशावरून करायची? इथे आपल्या तालुक्याचा नकाशा मध्ये येतो. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार रोज घ्यावं लागतं, सहसा ३ ते ५ आठवडे. मुरबाडच्या आतल्या गावातून रोज ये-जा जमत नाही, म्हणजे शहरात राहायची सोय बघावी लागते. काही वेळा पूर्ण स्तन काढल्यावरही रेडिएशन लागतंच. काही ठिकाणी कमी दिवसांचा कोर्सही देतात. म्हणून 'माझ्यासाठी स्तन वाचवणं शक्य आहे का, रेडिएशन किती दिवसांचं असेल, राहायची व्यवस्था होईल का', हे प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारायचे असतात. ऑपरेशन झाल्यावर त्यांचा उपयोग नसतो.

भरवशाची साधनं कोणती?

टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये परळला सुरू झालं आणि आज ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. त्याच्या वेबसाइटवर नोंदणीची प्रक्रिया, विभाग आणि ओपीडीची माहिती मिळते. परळला जायच्या आधी ही माहिती वाचली, कोणते कागद लागतात ते बघितलं, तर निदान एक खेप वाचते. तिथल्या रुग्णांना आपले रिपोर्ट ऑनलाइन बघायची सोयही आहे. नोंदणीच्या वेळी ती कशी वापरायची हे विचारून घ्यावं.

२०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड नावाचं देशातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं उभं राहिलं. आज त्यात ३०० हून जास्त संस्था आहेत. कोणत्या कॅन्सरला कोणता इलाज योग्य, याच्या मार्गदर्शक सूचना या ग्रिडने तयार करून खुल्या ठेवल्या आहेत. त्या डॉक्टरांच्या भाषेत आहेत, आपल्याला पूर्ण कळणार नाहीत. पण यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते: योग्य इलाज फक्त परळलाच होतो असं नाही. इलाजाचा आराखडा परळला ठरवून केमो घराजवळच्या केंद्रात घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. कसाऱ्याकडच्या माणसाला नाशिक, मुरबाडकराला कल्याण-ठाणे सोयीचं पडू शकतं.

टाटा मेमोरियल आणि कॅन्सर ग्रिड यांच्याशी जोडलेली 'नव्या' नावाची ऑनलाइन सेवा आहे. रुग्णाचे रिपोर्ट मोबाईलवरून पाठवले की तज्ज्ञांचं लेखी मत घरबसल्या मिळतं. ते मत घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जायचं असतं. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरवर अविश्वास नाही, आणि चांगले डॉक्टर त्याचा राग मानत नाहीत. आर्थिक अडचण असेल तर अर्ज करतानाच फीमध्ये सवलत विचारावी.

मराठीत वाचायचं असेल तर मुंबईच्या 'जासकॅप' या संस्थेच्या पुस्तिका आहेत. वेगवेगळ्या कॅन्सरवर, केमोवर, रेडिएशनवर त्यांनी मराठी आणि हिंदीत साध्या भाषेत माहिती दिली आहे. वाचता न येणाऱ्या मोठ्यांना घरातल्या मुलाने रोज दोन पानं वाचून दाखवावीत. इंडियन कॅन्सर सोसायटीची मोफत हेल्पलाइन १८००-२२-१९५१ आहे. या संस्थेची स्थापना १९५१ ची, म्हणून नंबर लक्षात ठेवायला सोपा.

निदान व्हायच्या आधीच्या टप्प्यावर आपल्याच गावातली माणसं कामी येतात. आशाताई ३० वर्षांवरच्या लोकांचा फॉर्म भरून घेतात, त्यात तोंडातली जखम, स्तनातली गाठ यांची चौकशी असते. 'कशाला उगाच' म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका. आरोग्य उपकेंद्रातून सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर पुढे कुठे दाखवायचं हे तिथून कळतं. तंबाखू सोडायची असेल तर राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे.

डॉक्टरांसमोर मोबाईल असा वापरा

घरी बसून प्रश्न लिहून काढा. लिहिता येत नसेल तर आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. एवढे प्रश्न तरी असावेत:

१. कॅन्सर कोणत्या जातीचा आणि कोणत्या स्टेजला आहे?
२. इलाजाचा हेतू आजार पूर्ण बरा करणं आहे की ताब्यात ठेवणं?
३. माझ्यासाठी कोणकोणते रस्ते आहेत, आणि तुम्ही हाच का सुचवता?
४. एकूण किती महिने, किती खेपा, किती दिवस राहावं लागेल?
५. त्रास काय होऊ शकतो आणि कोणत्या त्रासाला लगेच यायचं?
६. मूल व्हायचं असेल तर इलाजाआधी काय काळजी घ्यायची?
७. योजनेत काय बसतं आणि खिशातून काय जाईल?

डॉक्टरांची परवानगी घेऊन त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. हॉस्पिटलमध्ये एकच माणूस जातो, निर्णय मात्र घरात पाच जण मिळून घेतात. ऐकलेलं घरी सांगताना अर्धं गळून जातं. रेकॉर्डिंग असेल तर सगळे तेच ऐकतात. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा, मूळ कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये. 'आभा' हा १४ अंकी आरोग्य क्रमांक काढला असेल तर रिपोर्ट त्याला जोडता येतात, पण म्हणून कागद फेकू नका.

केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर क्रोसीन देऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. हॉस्पिटलचा तातडीचा नंबर आणि जवळच्या ॲम्ब्युलन्सचा १०८ घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा.

योजनेचे कागद आधी तपासा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना महाराष्ट्रात एकत्र राबवल्या जातात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, आणि पांढरं रेशन कार्ड असणारेही आता यात येतात. फक्त यादीतल्या रुग्णालयातच ही योजना लागू होते, म्हणून भरती व्हायच्या आधी १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० वर विचारा. रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, पहिल्या दिवशीच त्यांना भेटा.

आपल्या घरांत एक अडचण नेहमी येते. आधारवर 'शेख', रेशन कार्डावर 'शेक'. एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम'. लग्नानंतर नाव कुठे बदललं, कुठे तसंच राहिलं. शाळेत दाखले देताना हे प्रकार मी नेहमी बघते. मुलाच्या दाखल्याला दोन आठवडे उशीर झाला तर चालतं, ऑपरेशनला झाला तर चालत नाही. घरात कुणी आजारी नसतानाच ही नावं जुळवून घ्या.

मोबाईल कुठे घात करतो

२०१९ मध्ये एक मेसेज जोरात फिरला: गरम नारळपाण्याने कॅन्सरच्या पेशी मरतात. खाली टाटा मेमोरियलचे तेव्हाचे प्रमुख डॉ. राजेंद्र बडवे यांचं नाव. हॉस्पिटलला जाहीर खुलासा करावा लागला की हा मेसेज खोटा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा कॅन्सर आहारामुळे, हळद-लिंबू-कडुनिंबाने बरा झाल्याचं सांगितलं. त्यांच्या पत्नीवर ऑपरेशन आणि केमोही झाली होती, पण फिरत राहिलं ते हळद-लिंबूच. टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सर तज्ज्ञांनी सही करून आवाहन केलं की अशा गोष्टींवर विसंबून इलाज लांबवू नका.

कलौंजी, मध, हळद खायला कुणाची मनाई नाही. केमो चालू असेल तर डॉक्टरांना विचारून खा, एवढंच. घात होतो तो इलाजाच्या जागी नुस्खा घेतल्याने. मेसेज पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा: सांगणारी संस्था कोणती, तिच्या स्वतःच्या वेबसाइटवर हे आहे का, आणि 'डॉक्टर तुमच्यापासून लपवतात' असं काही त्यात लिहिलंय का. तिसरी गोष्ट दिसली की मेसेज डिलीट करा.

आता लोक एआयच्या चॅटबॉटलाही विचारतात. अवघड शब्दाचा अर्थ साध्या मराठीत समजावून घ्यायला तो बरा आहे. पण तो चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो. औषधाचा डोस, गोळी बंद करणं, 'ऑपरेशन करू की नको' हे त्याला विचारायचं नाही.

गूगलवर हॉस्पिटलचा नंबर शोधताना भामट्यांचे नंबरही मिळतात. अपॉइंटमेंटसाठी ओटीपी किंवा आधी थोडे पैसे मागितले तर फोन ठेवा. नंबर हॉस्पिटलच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

ज्याचा आजार, त्याला आधी सांगा

आपल्याकडे बाईला आजार झाला की रिपोर्ट नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनमध्ये असतात. तिला सांगतात, 'छोटी गाठ आहे, निघून जाईल.' मोठ्या वयाच्या अब्बांपासूनही लपवतात. हे प्रेमापोटी होतं. पण केस का गळतायत, रोज परळला का जायचं, हे माहीत नसेल तर माणूस मध्येच इलाज सोडतो. अर्धवट सोडलेल्या इलाजानंतर आजार पुन्हा उलटतो, आणि तेव्हा पर्याय कमी राहिलेले असतात. व्हिडिओ, पुस्तिका, रेकॉर्डिंग आधी तिला ऐकवा. तपासणीसाठी लेडी डॉक्टर हवी असेल तर मोकळेपणाने मागा. लाजेपोटी गाठ लपवून ठेवू नका.

रमजानमध्ये केमो आली तर रोज्याचं काय, हा प्रश्नही घरोघर येतो. आजारी माणसाला शरियतने सवलत दिलेली आहे. रोजे नंतर पूर्ण करता येतात, आणि ते शक्य नसेल तर फिदियाची वाट आहे. डॉक्टर आणि आलिम या दोघांनाही विचारा, पण गोळ्यांची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका.

गावागावांत एक सोपं काम करता येईल. मशिदीच्या, शाळेच्या, अंजुमनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वरचे हेल्पलाइन नंबर एकदा टाकून पिन करून ठेवायचे. गावात ज्याला मोबाईल आणि इंग्रजी जमतं अशा एका मुलाने किंवा मुलीने पेशंटच्या घरी तासभर बसून प्रश्न लिहून द्यायचे, कागद लावून द्यायचे. बिमारपुर्सीला आपण जातोच, फळंही नेतो. आता जाताना फोन चार्ज करून न्या, आणि नुस्खा सांगण्याआधी विचारा: 'डॉक्टरांनी काय सांगितलं, ते तुम्हाला समजलं का?'